पहिलं पुसणं

धाकटीने तो कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ताई, ही सही तुझीच ना?"

माझीच होती. वर लिहिलं होतं, "घर राहण्यास सुरक्षित. धुळीतील शिसे मर्यादेच्या आत." खाली माझं नाव, हुद्दा आणि प्रयोगशाळेचा शिक्का. घर धाकटीचं होतं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घराला मी वर्षापूर्वी निर्दोष ठरवलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

मी एकवीस वर्षं घरातल्या धुळीतलं शिसं मोजते आहे. जुन्या घरांच्या रंगात शिसं असतं. रंगाला पोपडे धरतात, तो खिडकी उघडता-लावताना घासला जातो, त्याची धूळ कट्ट्यावर आणि फरशीवर बसते. रांगतं मूल त्या धुळीत हात टेकतं आणि हात तोंडात घालतं. झालं. कुणाला रंग चाटावा लागत नाही, कुणाला विष घालावं लागत नाही. घर झाडलेलं, पुसलेलं, चकचकीत दिसतं आणि मूल आतल्या आत बिघडत जातं.

माझ्याकडे ही धूळ बंद नळ्यांतून येते. नळीवर फक्त क्रमांक असतो, पत्ता नसतो. कुणाचं घर आहे हे कळलं तर मोजणाऱ्याचा हात हलका-जड होईल, म्हणून तसा नियम आहे. मी नळीतला ओला वाइप, म्हणजे धूळ पुसून घेतलेला कागदी रुमाल, आम्लात उकळते, यंत्रात घालते, आकडा लिहिते आणि सही करते. नळीत जे आलं ते मी बरोबर मोजलं. नळीत यायला हवं होतं ते कुठे गेलं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

धाकटीची मुलगी ठमी अडीच वर्षांची. दीड वर्षाची असताना "मावशी" म्हणायची, "नको जा" म्हणायची, एकदा तर डॉक्टरांना "गप" म्हणाली होती. आता नुसतं बोट दाखवायची. शब्द आले होते ते परत गेले. रक्त तपासलं तर शिसं अठरा. पाचाच्या वर गेलं की डॉक्टर भुवया उंचावतात. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर तेवीस.

आता घर तर कागदावर स्वच्छ. मग शिसं आलं कुठून? धाकटी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात डाग द्यायचं काम करायची, आणि डाग द्यायच्या तारेत शिसं असतं. सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळली. तिने काम सोडलं, तरी आकडा चढला. मग लोक म्हणाले, सोडलं म्हणते, चोरून करत असेल. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. तिच्या सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे नव्या इमारतीत एकट्या राहायच्या. एकुलत्या एक मुलाची एकुलती एक खूण म्हणजे ठमी. त्यांनी बालकल्याण कार्यालयात अर्ज दिला : आईच्या निष्काळजीपणामुळे नातीच्या जिवाला धोका आहे, नात माझ्या ताब्यात द्या. सोबत पुरावा म्हणून जोडलेला कागद हाच, माझ्या सहीचा.

"तीन आठवड्यांनी सुनावणी आहे," धाकटी म्हणाली. "बालकल्याणच्या मॅडम म्हणाल्या, घर स्वच्छ असेल तर दोष तुझाच धरावा लागेल. ताई, माझी पोर जाईल गं."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी तिला म्हटलं, "पोर कुठे जात नाही." पण माझं लक्ष कागदावरच्या दुसऱ्या सहीकडे होतं. घरात जाऊन धूळ गोळा करणाऱ्या तपासनिसाची सही. वळणदार, टपोरी, खाली दोन रेघा. मास्तरांची.

मास्तर म्हणजे आमच्या भागातले एकमेव मान्यताप्राप्त तपासनीस. आम्हा सगळ्यांना धूळ गोळा करायला त्यांनी शिकवलं, म्हणून मास्तर. फूटभर लांब, फूटभर रुंद चौकट फरशीवर ठेवायची. नवे हातमोजे घालायचे. ओला वाइप तळहाताखाली सपाट धरून वरून खाली नागमोडी पुसायचं. मळकी बाजू आत दुमडायची, आडवं पुसायचं. पुन्हा दुमडायचं, चारी कोपरे टिपायचे. वाइप नळीत, झाकण घट्ट. पुढच्या जागेला पुन्हा नवे हातमोजे. शेवटी एक कोरा वाइप नुसता हवेत उघडून नळीत घालायचा, म्हणजे कळतं की आपल्याच हातून घाण गेली नाही ना. हे सगळं मास्तर देवाचं काही करावं तसं शिकवायचे. कुणाच्या नखात काळं दिसलं तर वर्गाबाहेर काढायचे. नाकाने कांदे सोलावेत तर त्यांनीच.

मी दुसऱ्याच दिवशी धाकटीच्या घरी चौकट घेऊन गेले. फरशी बावन्न. खिडकीचा कट्टा नऊशेच्या घरात. मर्यादा फरशीला दहा आणि कट्ट्याला शंभर. ज्या कट्ट्यावर ठमी हनुवटी टेकून रस्त्यावरची कुत्री मोजायची, तो कट्टा.

पण माझ्या आकड्याला किंमत शून्य होती. मी मुलीची मावशी. शिवाय मास्तर म्हणाले असते, मी मोजलं तेव्हा स्वच्छ होतं, धूळ नंतर बाईने आणली.

म्हणून मी कचेरीतले जुने अर्ज आणि अहवाल काढले. अहवाल गेल्यावर पत्ते बघायला मला मुभा असते, आजवर कधी गरजच पडली नव्हती. मास्तरांनी सोळा वर्षांत आमच्याकडे पाठवलेली घरं चारशे बारा. मी त्यांचे आकडे एकाखाली एक लिहायला घेतले आणि पन्नासाव्या घराशी माझा हात थांबला. फरशी शून्य पूर्णांक पाच. फरशी शून्य पूर्णांक सहा. कट्टा शून्य पूर्णांक आठ. माझ्या प्रयोगशाळेची फरशी रोज दोनदा पुसली जाते, तिच्यावर चपला चालत नाहीत, तिचा आकडा दीडच्या खाली कधी येत नाही. आणि ही सत्तर-ऐंशी वर्षांची घरं, नुकताच रंग खरवडलेली, पोरं-बाळं, म्हातारी माणसं असलेली. ती माझ्या प्रयोगशाळेहून स्वच्छ? जिथे माणसं राहतात तिथली धूळ इतकी सोवळी नसते.

इतकी स्वच्छ फरशी फक्त एकाच क्षणी मिळते. नुकतीच, त्याच चौकटीत, एकदा नीट पुसून झाल्यावर.

हेही मला मास्तरांनीच शिकवलं होतं. वर्गात ते एकच चौकट दोनदा पुसायला लावायचे आणि दोन्ही वाइप मोजायला लावायचे. पहिल्यात सगळं येतं, दुसऱ्यात काही उरत नाही. "म्हणून पोरांनो," ते म्हणायचे, "पहिलं पुसणं म्हणजेच मोजणं." आणि हा माणूस सोळा वर्षं पहिला वाइप फेकून दुसरा माझ्याकडे पाठवत होता. ज्याच्या तपासणीत घर पहिल्या फटक्यात पास होतं, त्याच्या दारात घरमालकांची रांग लागते, हे समजायला काही मोठं शिक्षण लागत नाही.

मी आयुष्यात बऱ्याच लोकांवर चिडले आहे. माझा राग दुधासारखा आहे, वर येतो आणि खाली बसतो. हा बसला नाही. माझं काम अचूक होतं, मला त्याचा अभिमान होता, आणि या माणसाने त्याच अचूकपणाचा पांढरा रंग करून सडक्या भिंतींवर फासला होता. केसाने गळा कापला, तोही माझ्याच हातात केस देऊन. आणि त्या भिंतींतलं एक घर माझ्या ठमीचं होतं. मी डूख धरला. त्यांची चूक सुधारायची नव्हती मला. मला ते संपलेले बघायचे होते, तेही आकड्याने, ज्यावर त्यांना तोंड उघडता येणार नाही अशा.

धाकटीने फेरतपासणीसाठी अर्ज केला. मॅडमनी फोनवर सांगितलं, "तपासनीस तेच येतील हं. या भागात दुसरं कुणी नाही. चालेल?"

"तेच यायला हवेत," मी म्हणाले.

मास्तर सकाळी दहाला आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हातात ती जुनी पेटी. मॅडम साक्षीला आल्या होत्या. सासूबाई, ज्यांना मी काकू म्हणते, पहाटेपासूनच येऊन बसल्या होत्या, कारण त्यांच्याशिवाय या घरात पानही हलू नये असं त्यांचं मत होतं. मास्तरांनी मला बघितलं आणि चेहरा उजळला.

"अगं पोरी, तू? हे तुझ्या बहिणीचं घर? मला सांगायचंस की!"

"आता सांगितलं ना सर."

त्यांनी ठमीच्या गालाला बोट लावलं. "गोड आहे हो." ठमीने त्यांच्या पेटीकडे बोट दाखवलं. मी हात पाठीमागे बांधले, कारण पुढे असते तर काय केलं असतं सांगता येत नाही.

"आता सगळे स्वयंपाकघरात बसा," मास्तर म्हणाले. "माणसं फिरली की धूळ उडते." त्यांनी दोन्ही खोल्यांत जाऊन दार लावून घेतलं. नियम तसाच आहे. मी घड्याळ बघत बसले. चार जागा फरशीच्या, दोन कट्ट्यांच्या आणि एक कोरा. पंचवीस मिनिटांचं काम. मास्तरांना पंचावन्न मिनिटं लागली.

"वय झालंय बिचाऱ्याचं," काकू म्हणाल्या.

मास्तर बाहेर आले, सात नळ्या मॅडमसमोर मोहोरबंद केल्या, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वापरलेले हातमोजे स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. एका घराची घाण दुसऱ्या घरात न्यायची नाही, हातमोजे ज्या त्या घरातच टाकायचे, हा त्यांचाच नियम. मोठा नियम रोज मोडणारा माणूस हा बारका नियम मात्र इमानाने पाळत होता. मग हात जोडून निघून गेले. मॅडम धाकटीशी बोलायला थांबल्या.

मी डब्याकडे वळणार, तेवढ्यात काकूंनी डबा पुढे ओढला होता.

"बघा तरी, किती उधळपट्टी! एवढे चांगले हातमोजे एकदा वापरून टाकले. धुतले तर वर्षभर भांड्यांना होतील." त्यांनी एक गोळा उचलला. मास्तर हातमोजे काढायचे ते उलटे करून, एकात एक घालून, घट्ट गोळा करून. आम्हा सगळ्यांची तीच सवय. काकूंनी गोळा सोडवला आणि आतून एक ओला, तीनदा दुमडलेला, राखाडी वाइप त्यांच्या मांडीवर पडला.

"ई! हे काय?"

"काकू, आता हात लावू नका!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की ठमी दचकली. "मॅडम, इकडे या. ताबडतोब या."

मॅडम आल्या. मी त्यांना एकच विचारलं, "सात वाइप नळ्यांत गेले, तुम्ही मोजलेत. मग हा आठवा कुठला?"

काकूंनी डबा तिरका केला आणि बोटाने गोळे मोजले. मोजण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. बसमध्ये सुद्धा त्या वाहकाकडून सुटे पैसे तीनदा मोजून घेतात. "हा सोडवलेला धरून तेरा गोळे. म्हणजे सव्वीस हातमोजे. सात जागांना चौदा पुरे होते ना?"

"पुरे होते," मी म्हणाले.

उघडलेला तो वाइप मी बाद केला. काकूंच्या मांडीला, डब्याच्या काठाला लागला होता. कोण म्हणेल शिसं कुठून आलं. मनाला फार लागलं, कारण तो दिसायलाच सगळ्यात काळा होता. पण बाद म्हणजे बाद. उरलेल्या गोळ्यांतले पाच हाताला जड लागत होते. ते न उघडता मॅडमनी पिशवीत घातले, मोहोर लावली, आणि वर काकूंची सही घेतली. ज्यांना पोर हवी होती त्यांचीच सही. याहून निर्मळ साक्षीदार मला शोधून सापडला नसता.

मोजायला ते माझ्याकडे येऊ नयेत, हे मीच सुचवलं. मॅडमनी गोळे आणि मास्तरांच्या सातही नळ्या दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवल्या. सोबत मी प्रयोगशाळेतून चार नळ्या तयार करून दिल्या : दोन कोऱ्या आणि दोन ज्यांत बरोबर पन्नास मायक्रोग्रॅम शिसं मी मोजून घातलं होतं. क्रमांक असे दिले की कुठली नळी कुठली हे तिथे कुणालाच कळू नये. त्यांचं यंत्र खोटं बोलत असेल तर या चारांत पकडलं जाईल. या नळ्या भरताना शिशाच्या द्रावणाची बाटली माझ्या हातात होती. मॅडमनी ती मोहोरबंद पिशवीही माझ्याच टेबलावर ठेवली होती आणि त्या फोन घ्यायला बाहेर गेल्या होत्या. सुईने एक थेंब आत सोडला असता तर आकडे गगनाला भिडले असते. मी बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं. साधुत्व म्हणून नव्हे. खोटा आकडा मास्तरांच्या उपयोगाचा होता आणि खरा माझ्या.

निकाल आठवड्याने आला. कोऱ्या नळ्या : काही नाही. पन्नासच्या दोन : एकोणपन्नास पूर्णांक दोन आणि पन्नास पूर्णांक सहा. मास्तरांच्या मोहोरबंद नळ्या : सगळ्या एकाच्या आत. हातमोज्यांतले पाच : एक्केचाळीस, पंचावन्न, साठ, त्र्याऐंशी आणि अकराशे दहा. कुठला गोळा कुठल्या जागेचा ते कुणालाच माहीत नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. पाचांत निदान तीन तरी फरशीचे असणारच. कुठलाही उचलून कुठेही लावा, फरशी नापासच.

मॅडमनी मास्तरांना निकालाची प्रत पाठवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्यासमोर येऊन बसले.

"पोरी, एवढं मनावर घेतलंस?"

"बसा सर."

"माझी पद्धत आहे ती. वरवरची धूळ बायका रोज झाडतातच. ती आधी काढायची आणि खरी, चिकटलेली धूळ मोजायची. पंचवीस वर्षं करतोय. फार तर म्हण, पद्धत चुकीची. फार तर मला समज देतील. वय झालंय माझं, मी राजीनामा देईन. विषय संपला."

"आणि ठमी?"

"तिची आई डाग द्यायचं काम करते. वरवरची धूळ तीच आणत असेल."

ते हे इतक्या शांतपणे म्हणाले की मला त्यांच्या तोंडाकडे बघतच राहावंसं वाटलं. मग ते पुढे झुकले. "आणि हे बघ, तू ताणलंस तर ते चारशे बारा अहवाल उघडतील. प्रत्येकावर तुझी सही आहे. प्रयोगशाळेची मान्यता जाईल. तुझी नोकरी जाईल. माझं काय, मी पिकलं पान. तू का म्हणून स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस?"

"चहा घेणार का सर?" मी विचारलं. ते नको म्हणाले.

ते गेल्यावर मी जरा घाबरले, खोटं कशाला बोलू. घराचे हप्ते नव्हते, नवरा-मुलं नव्हती, पण एकवीस वर्षांची नोकरी म्हणजे तरी काय उरलं होतं माझ्याकडे. शिवाय त्यांचं म्हणणं मॅडमना पटण्यासारखं होतं. 'पद्धत' या शब्दाला सरकारी माणसं फार मान देतात. पद्धत ग्राह्य धरली की घर स्वच्छ, घर स्वच्छ की धाकटी दोषी, आणि ठमी गेली.

मी अहवालांचा गठ्ठा पुन्हा पुढे ओढला. पहिल्यांदा पन्नासाव्यावर थांबले होते. आता चारशे बाराही बघितले. तीन दिवस लागले. चारशे अकरा घरं सोवळी होती. दोनशे अठ्ठ्याण्णवावं मात्र नव्हतं. फरशी अडतीस. कट्टा सहाशे चाळीस. निकाल : नापास. पाच आठवड्यांनी त्याच घराची दुसरी तपासणी, खिडक्या बदलल्यानंतर. फरशी चार, कट्टा अकरा. माणसं राहतात तशा घराचे, खरे, धुरकट, प्रामाणिक आकडे. सोळा वर्षांत मास्तरांनी एकच घर एकदा पुसून मोजलं होतं.

मी पत्ता बघितला. मग अर्जदाराचं आडनाव बघितलं. ते घर मास्तरांच्या मुलाचं होतं. अर्जात एक रकाना असतो, घरातील सर्वांत लहान मुलाचे वय. तिथे लिहिलं होतं, आठ महिने.

त्या दिवशी मला किती आनंद झाला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले आणि पुन्हा परत आले. मग त्या कागदाच्या चार प्रती काढल्या.

सुनावणी मॅडमच्या कार्यालयात, लांबट टेबलाभोवती झाली. एका बाजूला धाकटी आणि मी. ठमी धाकटीच्या मांडीवर, टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून. समोर काकू, पिशवी पोटाशी धरून. टेबलाच्या टोकाला मास्तर. त्यांनी छान बोलून दाखवलं. वरवरची धूळ, चिकटलेली धूळ, पंचवीस वर्षांचा अनुभव. मॅडम मान हलवत लिहून घेत होत्या. टेबलाखाली धाकटीचा हात माझ्या हातात होता.

"तुम्हाला काही विचारायचंय?" मॅडमनी मला विचारलं.

"एकच. सर, आधी एकदा पुसून घ्यायची ही पद्धत फक्त या घरात वापरलीत?"

"छे. मी भेदभाव करत नाही."

"म्हणजे सगळ्या घरांत?"

"सगळ्या."

"एकही घर सोडलं नाही?"

मास्तर हसले. शिष्याच्या खुळ्या प्रश्नाला हसायचे तसे. "पद्धत म्हणजे पद्धत, पोरी. घर बघून बदलली तर ती पद्धत कसली? एकही नाही."

"मॅडम, हे लिहून घेतलंत?"

"घेतलं."

मी प्रती वाटल्या. एक मॅडमना, एक काकूंना, एक मास्तरांना, एक माझ्यापुढे. "दोनशे अठ्ठ्याण्णव क्रमांकाचं घर," मी म्हणाले. "फरशी अडतीस, कट्टा सहाशे चाळीस. आधी पुसून घेतलेल्या फरशीवर अडतीस येत नाहीत, हे सरांनीच मला शिकवलंय. इथे एकदाच पुसलंय. नापास केलंय. खिडक्या बदलून घेतल्यात. पुन्हा मोजलंय, तेही एकदाच पुसून. बाकीची चारशे अकरा घरं एकाच्या आत. सर, इथे पद्धत का बदलली?"

मास्तरांनी चष्मा लावला. कागद वाचला. वाचून झाल्यावरही ते वाचतच राहिले. मॅडमनी आडनाव बघितलं आणि त्यांच्याकडे बघितलं. मी थांबले. मला कसलीच घाई नव्हती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात जी विनवणी होती ती मी पुरेपूर बघून घेतली आणि तिला दाद दिली नाही.

"तिथे," ते शेवटी म्हणाले, "तिथे माझी नात रांगत होती."

मग काकूंनी पिशवी टेबलावर आपटली. "वा रे वा! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! माझी नात काय उडत होती का हो?"

"काकू, थांबा," मी म्हणाले. "मॅडम, सर आत्ता जे बोलले ते वाक्य जसंच्या तसं लिहा. एक शब्द इकडेतिकडे नको. आणि त्याखाली त्यांची सही घ्या."

मॅडमनी लिहिलं, वाचून दाखवलं. मास्तरांनी सही केली. त्यांची सही मी हजारदा बघितली होती. या वेळी खालच्या दोन रेघा काढायच्या राहिल्या.

काकूंनी त्यांचा अर्ज तिथेच मागे घेतला. धाकटीची माफी वगैरे मागितली नाही, त्यांचा तो स्वभाव नाही. नुसतं म्हणाल्या, "खिडक्या होईपर्यंत दोघी माझ्याकडे या. आणि तू काम सोडलंस म्हणालीस तेव्हा मी विश्वास ठेवायला हवा होता." धाकटीने ठमीला त्यांच्या कडेवर दिलं.

मास्तरांची मान्यता गेली, पुढे खटला उभा राहिला. माझी मान्यता वर्षभरासाठी काढून घेतली, ते मला अपेक्षितच होतं. जायच्या आधी मात्र माझ्याकडे एक काम दिलं. चारशे अकरा घरांना पत्रं पाठवायची होती, की तुमच्या घराचा अहवाल रद्द समजावा, मुलांचं रक्त तपासून घ्यावं, घर पुन्हा मोजलं जाईल. ज्याची सही अहवालावर, त्याचीच पत्रावर.

मी खुशीत बसले होते. वचपा काढला होता, तो गोड लागला होता आणि अजूनही लागतो. सर्वांत जुना अर्ज वर ठेवला, पत्ता उतरवला, आणि सवयीने लहान मुलाच्या वयाचा रकाना बघितला. अकरा महिने. तारीख सोळा वर्षांपूर्वीची होती. ते पोर आता सतराला टेकलं असेल. त्याला शाळेत काय जड गेलं, कुणी त्याला मठ्ठ म्हटलं, त्याच्या आईला कुणी काय बोल लावले, ते कुठल्याच रकान्यात नव्हतं. खाली निळ्या शाईत माझी सही होती, तेव्हा सहीचा अधिकार नवा होता, अक्षर फार नीट काढायचे. मी पत्राचा मायना लिहिला आणि पुढचं वाक्य सुचेना.